सेवा स्त्रियांची, अधिकार कोणाचा?

कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांची निवड झाल्याची घोषणा ३ ऑक्टोबर २०२५ रोजी झाली. इसवी सन ५९७ मध्ये इंग्लंडात उतरलेल्या ऑगस्टीनपासून चालत आलेल्या या पीठासाठी एका स्त्रीचे नाव प्रथमच पुढे आले आणि तेही एकेकाळी परिचारिका म्हणून रुग्णांची शुश्रूषा केलेल्या स्त्रीचे. घोषणा होताच आफ्रिकेतील काही धर्माध्यक्षांनी नापसंती व्यक्त केली. एका परक्या पंथाच्या या घरगुती वादात गोव्यातील मराठी वर्तमानपत्राने लक्ष का घालावे, असे कोणी विचारील. गोव्यातील चौघांपैकी एक माणूस ख्रिस्ती आहे आणि शेजाऱ्याच्या घरात चाललेला विचार आपल्याला परका नसतो, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर असे की, या वादाची झळ सोसणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक मराठी बोलणारी होती.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकता शिकता त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे, असा विचार १८८५ मध्ये निघाला. तेव्हा लाहोरचे आणि मुंबईचे बिशप आडवे आले. पुरुषांच्या वर्गापुढे उभी राहिलेली बाई हिंदुस्थानात परतल्यावर तिथल्या स्त्रियांत मान मिळवू शकणार नाही, अशी चिंता त्यांनी वाहिली. रमाबाईंनी आपल्या प्राचार्यांना जे उत्तर लिहिले त्याचा आशय आजही वाचणाऱ्यास चटका लावतो. आपल्या आईने किंवा आपण तरुणांना शिकवण्यास ना वडिलांनी कधी हरकत घेतली, ना पतीने. ती घेणारे इंग्रज निघावेत याचे त्यांना आश्चर्य वाटले होते.

या आश्चर्याला आधार होता. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून स्वजनांचा रोष पत्करला होता, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती. शास्त्र्यांच्या सभेत बसण्याचा मान मिळालेल्या या विदुषीला नव्या धर्मात आल्यावर कळले की, इथेही एक उंबरठा आहे. हिंदू समाजाच्या उदारपणाचे पोवाडे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. रमाबाईंना हिंदू समाजाने जी वागणूक दिली ती सर्वश्रुत आहे. मुद्दा एवढाच की, बिशपांनी पुढे केलेले कारण शास्त्राचे नव्हते, ते लोक काय म्हणतील याचे होते. आणि लोक काय म्हणतील हे ज्या स्त्रीला त्यांच्याहून अधिक ठाऊक होते, तिलाच ते सांगितले जात होते.

पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने आणि वैधव्याने होरपळलेल्या शेकडो स्त्रिया रमाबाईंच्या छायेत आल्या. तेथील प्रार्थना, उपदेश, शाळा, शेती सारे त्यांच्या देखरेखीखाली चाले. धर्मोपदेशाची दीक्षा त्यांना कोणी दिली नव्हती. तरुणांच्या वर्गात जाण्यास जी अयोग्य ठरली, तिनेच हिब्रू आणि ग्रीक शिकून अवघे बायबल मुळावरून मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या तेव्हा हे काम नुकतेच हातावेगळे झाले होते, आणि मुक्तीच्या छापखान्यात ते आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. एका समग्र बायबलचे भाषांतर एकट्या स्त्रीने केल्याची उदाहरणे जगात शोधूनच काढावी लागतील.

त्या काळी अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनसारख्या मिशनांत ‘बायबल वुमन’ नावाचा स्त्रियांचा एक वर्ग होता. ज्या माजघरात परपुरुषाला प्रवेश नाही तिथे या बाया तुटपुंज्या पगारावर जात, वाचून दाखवत, समजावून सांगत. हा धर्मोपदेश नव्हे तर दुसरे काय? परंतु त्याला उपदेश म्हणावयाचे नाही, असा संकेत होता. पुरुषाला जाता येत नाही तिथे स्त्रीने जावे, आणि पुरुषाला जाता येते तिथे मात्र तिने मागे राहावे. या वादाच्या दीड शतकाच्या इतिहासात हा न्याय पुन्हा पुन्हा भेटतो.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण गोव्याच्या वाचकाला जवळचे वाटावे अशा एका गावी घडले. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. मुरगाव बंदरात अडकलेल्या जर्मन जहाजांमुळे ही तटस्थता इथल्या जुन्या मंडळींच्या आठवणीत राहिली. त्याच तटस्थतेमुळे मकाव हे चिनी निर्वासितांचे आश्रयस्थान झाले. हाँगकाँग १९४१ च्या डिसेंबरात जपानच्या हाती पडले आणि मकावच्या छोट्या अँग्लिकन मंडळीकडे पाळकाला येता येईना. तिथे होती फ्लॉरेन्स ली टिम-ओई नावाची एक सेविका. प्रभुभोजनाचा विधी करावयास दीक्षित पाळक हवा, आणि तो तर नाही. बिशप रोनाल्ड हॉल यांनी शेवटी मनाचा हिय्या केला. ली टिम-ओई शत्रूव्याप्त मुलूख ओलांडून त्यांच्यापर्यंत पोचल्या आणि २५ जानेवारी १९४४ रोजी हॉल यांनी त्यांना पाळकाची दीक्षा दिली. अँग्लिकन पंथातील ही पहिली स्त्री-पाळक.

युद्ध संपले, वाटा मोकळ्या झाल्या, आणि गरज सरो वैद्य मरो या म्हणीचा प्रत्यय आला. बिशपांवर चोहोबाजूंनी टीका सुरू झाली. आपल्यापायी त्यांना त्रास नको म्हणून १९४६ मध्ये या बाईंनी पाळकाचे काम करण्याचा परवाना परत केला; दीक्षा मात्र परत केली नाही. दोन वर्षे ज्या हातांनी दिलेली भाकर लोकांनी श्रद्धेने घेतली, ते हात शांतता होताच अपात्र कसे ठरले, याचे उत्तर कोणत्याही धर्मपंडिताने दिल्याचे आमच्या वाचनात नाही. पुढे साम्यवादी राजवटीत त्यांनी शेतात आणि कारखान्यात राबून दिवस काढले. १९९२ च्या फेब्रुवारीत कॅनडात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना पाळकाची दीक्षा देण्याचा ठराव संमत केला.

आपल्याकडे मात्र विलायतेची वाट पाहिली गेली नाही. दक्षिण भारताच्या चर्चने १९७६ मध्येच एलिझाबेथ पॉल यांना दीक्षा दिली होती. इंग्लंडात पहिल्या बत्तीस स्त्रियांना ती ब्रिस्टल येथे १९९४ मध्ये मिळाली. आंध्रातील नंद्याळच्या बिशपपदी ई. पुष्पा ललिता २०१३ मध्ये आल्या, तर इंग्लंडातील पहिली स्त्री-बिशप २०१५ मध्ये झाली. गुरूच्या आधी शिष्य पोचला. तो वसाहतीतला शिष्य होता, याचे आम्हास अधिक समाधान वाटते, हे लपविण्याचे कारण नाही.

गोव्यात बहुसंख्य ख्रिस्ती लोक रोमन कॅथलिक आहेत, आणि तिथला प्रश्न वेगळा आहे. त्या पक्षाची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. येशूने बारा प्रेषित निवडले ते सारे पुरुष होते. वेदीवर धर्मगुरू ख्रिस्ताच्या जागी उभा असतो. आणि ख्रिस्ताने जे केले नाही ते करण्याचा अधिकार चर्चला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. ही भूमिका स्त्रीला हीन लेखणारी नाही, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण १९७६ मध्ये रोमच्याच बायबल आयोगातील बहुसंख्य पंडितांचे मत असे पडले होते की, केवळ नव्या कराराच्या आधारे हा प्रश्न कायमचा निकालात निघत नाही. करिंथच्या स्त्रियांना सभेत गप्प राहावयास सांगणाऱ्या पौलाच्याच रोमकरांस लिहिलेल्या पत्रात फीबी या बाईचा चर्चची सेविका म्हणून गौरव आहे, आणि तिथे जो ग्रीक शब्द आहे तो पुरुषांच्या बाबतीत ‘डीकन’ या पदासाठी वापरला जातो. स्त्रियांना डीकनपद द्यावे की नाही, हा प्रश्न २०२४ च्या धर्मसभेच्या अंतिम दस्तऐवजाने खुलाच ठेवला.

जुन्या गोव्यातील सांता मोनिकाचा मठ आमच्या डोळ्यांसमोर येतो. आर्चबिशप मेनेझिस यांनी तो १६०६ मध्ये स्थापन केला. सधन घरांतील मुली हुंड्यासह त्यात जाऊ लागल्या तेव्हा नगरसभेने तक्रारी केल्या. त्या पाहता तेव्हाही चिंता मुलींच्या आत्म्याची कमी आणि संपत्तीची अधिक असावी असे वाटते. १८३४ नंतर पोर्तुगीज सरकारने मठांचा मार्ग बंद केला आणि एकेक जोगीण निवर्तत तो ओस पडला. त्याच भिंतींच्या आत १९६४ मध्ये धर्मभगिनींना धर्मशास्त्र शिकविणारी मातेर देई संस्था सुरू झाली. म्हणजे धर्मशास्त्राचा अभ्यास करून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया गोव्याला नव्या नाहीत. जगभर कॅथलिक धर्मभगिनी सुमारे ६ लाख आणि धर्मगुरू सुमारे ४ लाख. शाळा, इस्पितळे, अनाथालये कोणाच्या खांद्यांवर उभी आहेत, हे म्हापसा-मडगावच्या माणसाला सांगावे लागत नाही. हिंदूंच्याही कित्येक पिढ्या या सिस्टरांच्या हाताखाली शिकल्या.

हे लिहिताना आमचे बोट आमच्याच घराकडेही वळते. गोव्यातील देवस्थानांची महाजनकी पुरुषवंशानेच चालत आली. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रीला पाऊल ठेवता यावे म्हणून २०१६ साल उजाडावे लागले. मुक्ताबाई आणि जनाबाई यांचे अभंग मुखोद्गत असलेल्या समाजाची ही कथा. तेव्हा शेजाऱ्याला उपदेश करण्याचा आमचा अधिकार तोकडाच आहे, आणि वेदीवर कोणी उभे राहावे याचा निर्णय त्या धर्माच्या लोकांनीच करावयाचा आहे.

परंतु जे आधीच मान्य झाले आहे, त्याच्या अंमलबजावणीविषयी शेजाऱ्यानेही बोलण्यास हरकत नसावी. वाचक आणि वेदीसेवक ही पदे पूर्वी पुरुषांसाठी राखीव होती. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ च्या जानेवारीत ती स्त्रियांना खुली केली आणि मे महिन्यात धर्मशिक्षकाचे पद औपचारिक केले. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने तर २०१० मध्येच स्त्री-पुरुष समानतेचे धोरण जाहीर करून निर्णयप्रक्रियेत स्त्रियांना वाटा देण्याचे वचन दिले. या गोष्टींसाठी रोमचा नवा निर्णय लागत नाही. वर्षानुवर्षे गावोगाव मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या बाईला त्या कामाचे रीतसर पद मिळाले आहे काय, चर्चच्या हिशेबाची वही तपासणाऱ्यांत तिचे नाव आहे काय, हे प्रत्येक पॅरिशने आपल्या सभेत विचारावे.