पिवळ्या पानाचं मागचं अंग

जुलै महिना. तणनाशक मारून पाच-सहा दिवस झालेले. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या धुऱ्यावर मग एकच प्रश्न ऐकू येतो: टाकी एक, औषध एक, तरी शेजारचं 335 वाणाचं सोयाबीन हिरवंगार आणि माझं पिवळं कसं?

प्रश्न रास्त आहे. तणनाशक पिकाच्या अंगातही शिरतंच. सोयाबीन वाचतं ते औषध पचवून: त्याचा रेणू मोडायचा, त्याला साखरेसारखं काही जोडायचं आणि निकामी करायचं. तणाला हे तितक्या लवकर जमत नाही. पण पचवण्याची ही ताकद सगळ्या वाणांत सारखी नसते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मेट्रीब्युझिनचं. पेरणीनंतर उगवणीआधी मारायचं हे औषध पानातलं प्रकाशसंश्लेषण रोखतं. 1976 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ते सोसण्याचा गुण एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे. ‘सेम्स’ वाण त्याने जळायचं, ‘हूड’ तगायचं. ‘ट्रेसी’ही नाजूकच; पण त्याच वाणातली तग धरणारी झाडं निवडून ‘ट्रेसी-एम’ तयार झालं. बाहेरचं जनुक घालावं लागलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे यात जमिनीचाही हात असतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली माती अल्कधर्मी. अशा मातीत मेट्रीब्युझिन कणांना कमी चिकटतं आणि मुळांना जास्त मिळतं. म्हणून अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि त्याचं अमरावतीचं संशोधन केंद्र यांनी दिलेली ‘यलो गोल्ड’, ‘सुवर्ण सोया’, ‘अंबा’ ही वाणं याच मातीत, तणनाशकासह तपासली जायला हवीत. उत्पन्नाच्या आकड्याशेजारी तणनाशक सोसण्याचा रकानाही बियाण्याच्या पिशवीवर छापलेला मला पाहायचा आहे.

तोवर पान तोडून बघावं. मेट्रीब्युझिनने खालची, जुनी पानं कडेपासून पिवळी पडून करपतात. उगवणीनंतर मारलेल्या इमॅझेथापायरचा त्रास शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसतो. पान उलटं केलं तर शिरा तांबूस-जांभळ्या. आणि शेंडा पिवळा, पण शिरा हिरव्या असतील, तर बहुधा चुनखडीच्या रानातली लोहाची कमतरता.

खात्री करायची तर फवारताना पिकाची दोन तासं (ओळी) कोरी सोडावीत. तीही पिवळी पडली, तर तो पिवळेपणा टाकीतून आलेला नाही.