परदेशी पैसा : हाकलू नका, हिशेब विचारा



शिरूरच्या पूर्व भागात माती परीक्षणाची बैठक होती. बैठक उठल्यावर एक बाई म्हणाल्या, "साहेब, ग्रामसभेचे हक्क समजावून द्यायला संस्थेची माणसं यायची. कोणीतरी उठवलं, परदेशाचा पैसा आहे म्हणून. तेव्हापासून सगळं बंद. असला पैसा वाईटच असतो का हो?" दौंडकडेही हाच प्रश्न ऐकला, म्हणून हे लिहितो आहे.

परदेशी सरकारचा पैसा आपल्या मुलखाला नवा नाही. घोडनदी ओलांडली की नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिथे १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम झाला. पैसा जर्मन सरकारचा, वाटप नाबार्डमार्फत. गावाने श्रमदान करायचे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची, अशा अटी होत्या. बांधबंदिस्तीला कोणी परदेशी म्हणाले नाही. हक्कांची गोष्ट निघाली, की मात्र शंका येते.

शंका अगदीच खोटी नाही. बाहेरच्या सरकारने आपल्या राजकारणात पैसा ओतू नये, हे रास्तच आहे. त्यासाठी परदेशी देणग्यांचा कायदा आणीबाणीत, १९७६ साली आला. २०१० साली नवा झाला. २०२० च्या दुरुस्तीने तो आणखी आवळला. आता हा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठराविक शाखेतच उतरतो, कार्यालयीन खर्च २० टक्क्यांवर करता येत नाही आणि एका संस्थेला तो दुसरीकडे वळवता येत नाही. लहान संस्थांची यात कोंडी झाली, हेही खरे.

सरपंच व सदस्यांनी एक ध्यानात ठेवावे. या कायद्यात पंचायतही येते. निवडून आलेला सदस्य किंवा निवडणुकीचा उमेदवार यांना परदेशी देणगी घेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलाने घरखर्चाला पाठवलेले पैसे ही वेगळी बाब आहे. जवळच्या नातेवाइकांना सूट आहे.

तेव्हा संस्था गावात आली, की तीन गोष्टी विचारा : केंद्रीय गृह खात्याची नोंदणी चालू आहे का? पैसा कोणाचा व कशासाठी? लेखापरीक्षित हिशेब ग्रामसभेपुढे ठेवाल का? सरळ उत्तर मिळाले तर चावडीची जागा द्या. टाळाटाळ झाली तर चहा पाजून वाटेला लावा.

पण उसन्या पाण्यावर बागायत करू नये. अमेरिकेने २०२५ साली आपली यूएसएड ही मदतसंस्थाच मोडीत काढली आणि जगभरची कामे अडली. उलट राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने परदेशी पैसा न घेता, लोकांकडून वर्गणी व धान्य जमवून, माहितीच्या हक्काचा लढा दिला. २००५ चा कायदा त्यातूनच पुढे आला.

त्या बाईंना मी एवढेच सांगितले : ग्रामसभेत बोलण्याचा हक्क कोणा परदेशाने दिलेला नाही. तो आपल्या राज्यघटनेचा आहे. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. शिकवणारे येवोत न येवोत, पुढच्या ग्रामसभेला तुम्ही जा.