पिवळसर लोंब्या आणि टेंभरांचे रान

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी, चंद्रपूरमध्येच राहिलेल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना पटेल-३ धानाच्या बांधीत पिवळसर दाण्यांच्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. दीड एकराचा धनी असलेल्या या शेतकऱ्याने ते बियाणे जपून ठेवले, वेगळे पेरले, रानडुकरांपासून वाचवायला भोवती काटे लावले आणि हंगामामागून हंगाम निवड चालू ठेवली. नव्वदच्या सुमारास हे बियाणे गावोगावी गेले आणि तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव त्याला चिकटले : एचएमटी.

हा बारीक तांदूळ विदर्भात घरोघरी पोचला. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसारित केले. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला, पैसा मात्र फारसा नाही. ३ जून २०१८ रोजी ते गेले. अखेरच्या आजारात घरच्यांना उपचाराच्या खर्चासाठी झगडावे लागले. त्यांच्या कष्टांचा हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.

या भागातले, म्हणजे झाडीपट्टीतले, धान तलावांवर पिकते. मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेले हे ‘मामा तलाव’ पुढे गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरत गेले, आणि गावच्या ताटातले देशी मासेही कमी झाले.

उरलेले ताट रान भरते. उन्हाळ्यात मोहफूल, चार, तेंदूची टेंभरे. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, बांबूचे कोवळे वास्ते, वारुळावर उगवणाऱ्या सात्या. यातले किती ज्ञान बायांकडे आहे, हे डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकातून कळते. माडिया आदिवासींमध्ये तर नव्या हंगामाचे अन्न पंडुम हा सण साजरा झाल्याशिवाय तोंडात घालायचे नाही, अशी रीत आहे. आंब्याला कोय धरण्याआधीच झाड ओरबाडले जात नाही, ते या रीतीमुळे. कोणत्याही वनखात्याच्या नियमापेक्षा ती जुनी आहे आणि ती पाळायला रखवालदार लागत नाही.

पण रान सरकारचे, मग ठरवायचे कुणी? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हा प्रश्न अभ्यासगटात वर्षानुवर्षे घोळवला. वनहक्क कायद्याने २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवाच होता. तो देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला एप्रिल २०११ मध्ये.

त्यानंतरचा सर्वांत धाडसी निर्णय, ताटाच्या दृष्टीने, गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावचा. २०१२ मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण कोवळी पाने यावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात, रानाला आगी लावल्या जातात. ग्रामसभेने पत्ता तोडणेच बंद केले. झाडे वाढली, टेंभरे लागू लागली, ती माणसांना मिळाली तशी पाखरांनाही. एवढे उत्पन्न सोडणे गावाला परवडले, कारण बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभा स्वतः करत होती आणि मजुरी गावातच राहत होती. ज्या गावांना हक्काचा कागद मिळाला, पण बांबू नाही, तिथे तेंदूपत्त्याचा हंगाम आजही चुकवता येत नाही. वाघाच्या भीतीतही बाया पहाटे रानात जातात.