देझिरे म्हणजे हवीशी

मुलीचें नांव काय ठेवावें, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत कधींच सोपा नसतो. आत्याचें एक मत, आजोबांचें दुसरें, आणि मुलीच्या आईच्या मनांत तिसरेंच कांहीं तरी असतें. परंतु मागें मोहोळ येथें आमच्या एका आप्तांच्या वाड्यांत जो प्रसंग घडला तो थोडा निराळा होता. मुलीचे आईबाप नोकरीनिमित्त फ्रान्समध्यें असतात. मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर तीं तिला घेऊन घरीं आलीं, तेव्हां राहून गेलेलें बारसें करावयाचें ठरलें. नागनाथाला नारळ फुटला, पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, आणि ऐन वेळीं सूनबाईंनीं हळूच सांगितलें, “बाकीचीं नांवें वडीलधाऱ्यांनीं ठरवावींत. हांकेचें नांव मात्र आम्हीं ठरविलें आहे, ‘देझिरे’.”

क्षणभर कोणीच बोलेना. मग आत्याबाईंनीं विचारलें, “हें मुलीचें नांव कीं सरबताचें?”

हंशा ओसरल्यावर सूनबाई म्हणाल्या, “याचा अर्थ ‘हवीशी’, आत्या. वाट पाहून, हवी हवी म्हणून मिळालेली.”

तें ऐकून भिंतीला टेकून बसलेल्या आजीबाई म्हणाल्या, “मग ठेवा हो तेंच. माझ्या लहानपणीं आमच्या शेजारीं एक ‘नकोशी’ होती. पाण्याला जातांना आम्ही मुली तिला त्याच नांवानें हांक मारीत असूं. हांक मारतांना कोणाला कांहीं वाटत नसे. तिला काय वाटत असेल, हें आज मनांत आलें.”

त्या एका वाक्यानें प्रस्तुत लेखास कारण दिलें.

प्रथम या परक्या नांवाची थोडी ओळख करून घेऊं. नांव मूळचें लॅटिन. ‘देसिदेराता’ म्हणजे जिची इच्छा केली, जिची वाट पाहिली ती. बहुत दिवसांच्या प्रतीक्षेनंतर झालेल्या अपत्यास जुने ख्रिस्ती लोक अशा अर्थाचें नांव देत. त्याचेंच फ्रेंच रूप ‘देझिरे’. त्यांतील ‘झ’ आपल्या ‘माझा’ या शब्दांतला. आमच्याकडील ‘ईप्सिता’ हें नांव अर्थानें व व्याकरणानेंही त्याचें सख्खें भावंड होय. नवसानें झालेल्या मुलास मराठी मुलुखांत ‘नवसाजी’ म्हणत, तेंही याच जातीचें. फरक इतकाच कीं, तें मुलाचें!

मनुस्मृतीनें मुलीच्या नांवाचीं लक्षणें सांगितलीं आहेत. तें उच्चारावयास सुखकर असावें, कठोर नसावें, त्याचा अर्थ स्पष्ट असावा, तें मनोहर व मंगल असावें आणि त्याच्या शेवटीं दीर्घ स्वर असावा. या कसोटीस ‘देझिरे’ उतरत नाहीं असें कोण म्हणेल? त्याच ग्रंथांत पुढें, नदीचें, वृक्षाचें अथवा नक्षत्राचें नांव असलेली मुलगी वरूं नये, असेंही म्हटलें आहे. तें मात्र महाराष्ट्रानें मनावर घेतलें नाहीं. सीना आणि भीमा यांच्या मुलुखांत, पंढरपुराजवळ राहणाऱ्या मोहोळकरांस हें काय सांगावें! गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, चंद्रभागा या नांवांवांचून आमच्या जुन्या वाड्यांतली एकही पिढी गेली नसेल.

फ्रान्समध्यें नांव ठेवण्यावर फार दिवस सरकारचा अंकुश होता. १८०३ सालच्या कायद्याप्रमाणें संतांच्या पंचांगांतील अथवा प्राचीन इतिहासांतील नांवेंच मुलांस देतां येत. हा निर्बंध पुढें सैल होत गेला, आणि १९९३ च्या कायद्यानें आईबापांस पसंतीचें नांव ठेवण्याची मोकळीक मिळाली. एकोणिसाव्या शतकांत बऱ्यापैकीं परिचित असलेलें ‘देझिरे’ आतां तेथें नव्या मुलींत क्वचितच आढळतें. नांवांनाही कपड्यांप्रमाणें चाल असते. आज आमच्या घरांत तरी नवी ‘गोदावरी’ कोठें जन्मते?

या नांवाची सर्वांत प्रसिद्ध स्त्री म्हणजे देझिरे क्लारी. १७७७ सालीं मार्सेय येथील एका रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरीं तिचा जन्म झाला. तिची वडील बहीण नेपोलियनच्या थोरल्या भावास दिलेली. १७९५ मध्यें खुद्द नेपोलियनशीं हिचा वाङ्निश्चय झाला. परंतु पुढें त्यानें जोसेफिनशीं लग्न केलें. ‘हवीशी’ अशी नकोशी झाली! १७९८ सालीं तिनें बर्नादोत या सेनानीशीं विवाह केला. १८१० मध्यें स्वीडनच्या निपुत्रिक राजानें या बर्नादोतास वारस ठरवून दत्तक घेतलें. पुढें तो गादीवर बसला आणि व्यापाऱ्याची मुलगी राणी झाली. नेपोलियन तिला युजेनी या नांवानें संबोधी. स्वीडनमध्यें तिचें नांव ‘देसिदेरिया’ असें करण्यांत आलें. १८६० सालीं स्टॉकहोम येथें ती वारली. तिचें मूळचें नांव मात्र त्या राजघराण्यांत टिकून राहिलें; १९७७ सालीं जन्मलेल्या स्वीडनच्या युवराज्ञी व्हिक्टोरिया यांच्या नांवांतही शेवटीं ‘देझिरे’ आहेच.

सासरीं गेल्यावर नांव बदललें, यांत आमच्या वाचकभगिनींस नवल तें काय वाटणार? लग्नाच्या दिवशीं तांदळांत सोन्याच्या अंगठीनें नवें नांव रेखाटावयाचें, साखर वांटावयाची आणि त्या क्षणापासून माहेरचें नांव पुसावयाचें, ही रीत आपल्याच घरांतली. कल्याणची एक यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाली. देवराष्ट्र्याची दुसरी यमुना १८७३ सालीं रमाबाई रानडे झाली. एका गोदूचा १८९३ सालीं पुनर्विवाह झाला, तेव्हां तीही आनंदीबाईच झाली; त्याच आनंदीबाई कर्वे. स्वीडनमध्यें बर्नादोताचेंही नांव बदलून कार्ल योहान झालें, कारण तो दत्तक गेला होता. आपल्याकडेही कवळाण्याचे गोपाळराव १८७५ सालीं बडोद्यास दत्तक जाऊन सयाजीराव झाले. अर्थात् पुरुषाचें नांव बदलावयास राज्य मिळावें लागे; स्त्रीचें नांव बदलावयास नुसतें लग्न पुरे होई. या रीतीस कायद्याची सक्ती नाहीं. ती केवळ आपली संवय आहे.

आतां ‘नकोशी’कडे वळूं. अपत्यें जगत नसत त्या घरीं मुलास भिकू, दगडू, केरू अशीं नांवें ठेवीत. त्यांत तिरस्कार नव्हता. वाईट नांवाचें कुंपण घातलें म्हणजे मृत्यूची दृष्ट लागणार नाहीं, अशी ती भाबडी माया होती. ‘नकोशी’, ‘नकुसा’ या नांवांचा हेतु मात्र उलटा. तीं नांवें त्या मुलीसाठीं नसतच. पाठीवर पुन्हा मुलगी येऊं नये म्हणून देवास धाडलेला तो निरोप होता, आणि तो निरोप त्या बिचारीनें जन्मभर कपाळीं वागवावयाचा! ऑक्टोबर २०११ मध्यें सातारा जिल्ह्यांत सरकारी समारंभ होऊन अशा २८५ मुलींस नवीं नांवें मिळालीं. कोणी ऐश्वर्या झाली, कोणी वैशाली. स्वतःचें बारसें डोळ्यांदेखत पाहण्याचें भाग्य फारच थोड्यांस लाभतें. परंतु त्या भाग्यासाठीं त्या मुलींनीं आधीं केवढी किंमत दिली होती!

हें सारें खेड्यांतलें, आपल्या सुशिक्षित घरांतलें नव्हे, असें म्हणून कोणीं समाधान मानूं नये. गर्भपरीक्षेच्या गैरवापरास आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ मध्येंच केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही सहा वर्षांच्या आंतील दर हजार मुलग्यांमागें महाराष्ट्रांत २००१ सालीं ९१३ मुली होत्या, त्या २०११ सालीं ८९४ झाल्या. या न जन्मलेल्या मुलींस कोणीं ‘नकोशी’ म्हटलें नाहीं, कारण त्यांचें बारसेंच झालें नाहीं. ज्या अडाणी आईबापांनीं मुलीस तें नांव ठेविलें, त्यांनीं निदान तिला वाढविली तरी. यंत्र, पैसा आणि शहाणपण हाताशीं असणाऱ्यांनीं काय केलें, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या देवघरांत बसून करावा.

नांवाचा अर्थ कोशांत पाहून कळतो हें खरें. परंतु तो खरा ठरतो घरांतल्या वागणुकीनें. ‘देझिरे’ म्हणून पाळण्यांत घातलेल्या मुलीस पुढें शिक्षणांत, वांटणींत, बोलण्यांत कमी लेखलें, तर तें नांव थट्टाच होय. आणि साध्या ‘यमुने’स घरानें जीव लावला, तर तीही हवीशीच.

मोहोळच्या त्या बारशास अखेर आत्याबाईंनींच मुलीच्या कानांत ‘देझिरे’ म्हटलें, आणि दुसरें नांव म्हणून ‘ईप्सिता’ ठेविलें. जेवणें आटोपल्यावर सूनबाईंनीं आजींस सहज विचारलें, “तुमचें माहेरचें नांव काय हो?” आजींनीं इकडे तिकडे पाहिलें आणि हलक्या आवाजांत तें सांगितलें. साठ वर्षें त्या घरांत काढली. मुलें झालीं, नातवंडें झालीं. परंतु तें नांव त्या वाड्यानें त्या दिवशीं प्रथम ऐकलें. तें छापण्याची आजींची परवानगी नाहीं. वाचकांनीं आपापल्या घरच्या आजीस विचारावें.