उसाच्या समुद्रातली माळबेटे

बेट म्हटले की चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली जमीन डोळ्यांपुढे येते. रानातल्या जनावराच्या दृष्टीने मात्र बेट म्हणजे जमिनीचा असा तुकडा, की ज्याच्या पलीकडे त्याला राहता येत नाही आणि सहजी जाताही येत नाही. या कसोटीवर पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत उरलेली माळराने ही बेटेच आहेत. हे ओळखले नाही, तर माळ राखूनही त्यावरचे प्राणी हातचे जातील.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला शिरूर-दौंडपर्यंत येताना तो जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास उरतो. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. भीमा आणि घोड नद्यांच्या काठी काळी कसदार जमीन आहे, पण चढावर काळ्या कातळावर मुरमाचा पातळ थर तेवढा. अशा जमिनीवर दाट जंगल वाढत नाही. तिथे पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते येतात, मधूनमधून हिवर, बोर आणि बाभूळ दिसते. चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, चंडोल हे सगळे याच उघड्या मुलखाचे रहिवासी. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या पक्षी येतात, गवतावरून घिरट्या घालत शिकार करतात आणि रात्री गवतातच उतरतात.

हा मुलूख पूर्वी बराच सलग होता. खडकवासल्याच्या कालव्याने दौंडला, घोड धरणाने शिरूरला पाणी दिले आणि 1980 नंतर उजनीचा फुगवटा दौंडच्या पूर्व कडेपर्यंत आला. पाण्यामागून ऊस आला. पुढे रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, महामार्ग रुंदावले. चिंकारा दुरून धोका हेरून वेगाने पळतो. पुरुषभर उंच उसात त्याची नजरही चालत नाही आणि पायही. बिबट्याला मात्र तोच ऊस मानवला. शिरूर आणि जुन्नर भागांत बिबट्याच्या माद्या उसातच पिल्ले देतात. म्हणजे उसाच्या समुद्राला त्याचे प्राणी मिळाले, बेटावरचे मात्र अडकले.

अडकल्यावर काय होते, याचा धडा पनामात मिळतो. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली गेली आणि 1914 च्या सुमारास तिथल्या जंगलातली एक टेकडी पाण्याने वेढली गेली. बारो कोलोरॅडो हे ते बेट, सुमारे 15 चौरस किलोमीटरचे. 1923 पासून ते अभ्यासासाठी राखीव आहे. तरीही तिथल्या कित्येक पक्षिजाती एकेक करून नाहीशा झाल्या. मॅकआर्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये यामागचा नियम मांडला: बेट जितके लहान, तितक्या जाती लवकर नष्ट होतात, ते जितके दूर, तितके नवे जीव कमी पोचतात. दौंडच्या शेजारी, बारामती तालुक्यात सुप्याजवळ 1997 मध्ये जाहीर झालेले मयूरेश्वर अभयारण्य अवघे 5.14 चौरस किलोमीटरचे आहे. लांडग्यांच्या एका कळपाला फिरायला याच्या अनेक पट मुलूख लागतो.

कोणी म्हणेल, लांडगा तर रात्रीतून मैलोन्‌मैल चालतो, मग त्याला कसले बेट? तो चालतो हे खरे. पण वाटेत महामार्ग, वस्त्या आणि गावकुत्री असतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीने सिद्ध झाले आहे. लांडगे विरळ आणि कुत्री भरपूर, अशा जागी हे व्हायचेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उसाने इथल्या शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आणले, पडीक माळाने काय दिले? ऊस उपटा असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न उरलेल्या माळाचा आहे, आणि तो पडीक नाही. त्यावर धनगरांची मेंढरे चरतात, गावची जनावरे जगतात. त्याला ओसाड समजून चर खणणे आणि सरसकट झाडे लावणे, हे पुण्य समजून केलेले नुकसान आहे.

म्हणून केवळ अभयारण्याला कुंपण घालून भागणार नाही. वनखात्याची कुरणे, गायराने, ओढ्याकाठच्या पट्ट्या जोडून एका माळावरून दुसऱ्या माळावर जायची वाट मोकळी ठेवली पाहिजे. महामार्गांखाली जनावरांना पुरेसे रुंद मार्ग हवेत, आणि गावकुत्र्यांचे लसीकरण व नसबंदी हवी. यातला पहिला निर्णय ग्रामसभेच्या हातात आहे. आपल्या गावचे गायरान दुसऱ्या कामाला देण्याचा प्रस्ताव पुढच्या वेळी समोर येईल, तेव्हा त्या जमिनीला ‘पडीक’ म्हणून हात वर करण्याआधी ते गायरान कोणत्या दोन माळांना जोडते, एवढे प्रत्येकाने जरूर पाहावे.