‘ग्रांदे’: नामाच्या आधी आणि नामाच्या नंतर

स्पॅनिशमधील ‘ग्रांदे’ या विशेषणाचा कोशातला अर्थ ‘मोठा’ असा असला, तरी नामानंतर आल्यास ते सामान्यतः आकारमान दाखवते आणि नामाआधी आल्यास थोरवी. शिवाय आधी येताना एकवचनात, दोन्ही लिंगांत, त्याचे ‘ग्रान’ असे आखूड रूप होते. २०२२ मध्ये मरण पावलेला ताडोब्याचा प्रसिद्ध ‘वाघडोह’ वाघ अवाढव्य देहामुळे ‘उन तिग्रे ग्रांदे’ ठरतो, तर ख्यातीमुळे ‘उन ग्रान तिग्रे’. मराठीत ‘मोठा माणूस’ म्हटल्यावर थोर, वयस्क की श्रीमंत हे संदर्भावरूनच ताडावे लागते. स्पॅनिशने हे काम बरेचसे पदक्रमावर, म्हणजे वाक्यातील शब्दांच्या जागेवर, सोपवले आहे, आणि ही सोय हेवा वाटावा अशीच आहे.

लिंगानुसार ‘ग्रांदे’ बदलत नाही, त्यामुळे ते ‘मोठा-मोठी-मोठे’पेक्षा ‘लाल’सारख्या अविकारी, म्हणजे रूप न बदलणाऱ्या, विशेषणाला जवळचे वाटते. आलापल्लीच्या जंगलातला साग स्पॅनिशमध्ये ‘तेका’ असा स्त्रीलिंगी झाला, तरी तो ‘ऊना तेका ग्रांदे’च राहतो. अनेकवचनात मात्र शेवटी ‘स’ लागून ‘तेकास ग्रांदेस’ असे होते, आणि ‘लाल’शी असलेले साम्य तेथे संपते.