सागाचे बीज आणि सहकारी संशोधन

नारायण पेठेतील जुन्या वाड्यांचे सागवानी खांब आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. अशा खांबाचा सरळपणा मूळ वृक्षाच्या बीजातून आला, की ज्या वनात तो वाढला तेथील माती, पर्जन्य व दाटी यांमुळे आला, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. केवळ उभ्या वृक्षाकडे पाहून त्याचे उत्तर देताही येत नाही. वृक्षांच्या आनुवंशिकीतील मुख्य अडचण हीच होय.

ज्वारीच्या संशोधकास प्रतिवर्षी नवी पिढी तपासावयास मिळते. इमारती सागाची लागवड तोडीस येण्यास साठ-सत्तर वर्षे जावी लागतात. निकृष्ट बीज एकदा लावले की तितका काळ ती जमीन अडकून पडते. आणि ज्याने ते लावले तो चूक पाहावयास सेवेत उरत नाही.

यास्तव वनाधिकारी सरळ, उंच व निरोगी वृक्ष निवडतात, त्यांचे डोळे रोपांवर भरून कलमे करतात आणि त्या कलमांचे बीजोद्यान उभे करतात. परंतु ही निवड बाह्यरूपावरून झालेली असते. तिचा कस अपत्य-चाचणीत लागतो. प्रत्येक निवडक वृक्षाची संतती भिन्न हवामानाच्या अनेक ठिकाणी, सामान्य बीजाच्या रोपांशेजारी, यादृच्छिक मांडणीने व पुनरावृत्तीसह लावावी लागते. सर्वत्र सरस ठरेल त्या संततीचा गुण मुख्यतः बीजाचा मानता येतो. बीजोद्यानाची स्वतःचीही एक अडचण आहे. साग पावसाळ्यात फुलतो, त्याचे परागण कीटक करतात व स्वपरागणाने फळ क्वचितच धरते. निरनिराळ्या प्रदेशांतून आणलेली कलमे एकाच वेळी फुलली नाहीत, तर बीज अल्प येते.

या ठिकाणी पुण्यातील कार्याचा उल्लेख आवश्यक आहे. १९५० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुप्ता, नाडगीर, मस्करेन्हस व जगन्नाथन यांनी शंभर वर्षांच्या सागाच्या कळ्यांपासून ऊतिसंवर्धनाने रोपे सिद्ध केली. तो निबंध १९८० साली प्रसिद्ध झाला. बीजाची वाट न पाहता निवडक वृक्षाच्या प्रतिकृती करण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. मात्र कोणता वृक्ष प्रतिकृतीस पात्र आहे, हे परीक्षानळी सांगू शकत नाही. उत्तम मातीमुळे डौलदार दिसणाऱ्या सामान्य वृक्षाचीही ती तितक्याच निष्ठेने सहस्रावधी रोपे करील. म्हणून प्रयोगशाळेला वनातील चाचणीचा आधार हवा, आणि वनातील चाचणीचे फळ त्वरित पसरविण्यास प्रयोगशाळा हवी.

अशा चाचण्यांचा भार एकट्या संस्थेस पेलत नाही. अमेरिकेत ब्रूस झोबेल यांच्या नेतृत्वाखाली १९५१ साली टेक्ससमध्ये व १९५६ साली नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात पाइन वृक्षांसाठी सहकारी योजना सुरू झाल्या. सभासदांनी जमीन व निवडलेले वृक्ष पुरवावेत, विद्यापीठाने मांडणी व विश्लेषण करावे आणि फळ सर्वांनी वाटून घ्यावे, अशी त्यांची रचना होती. सागाच्या बाबतीत डेन्मार्कच्या वनबीज केंद्राने १९७० नंतरच्या दशकात अनेक देशांतील उगमस्थान-चाचण्यांचा समन्वय केला. त्यांचे मूल्यमापन १९८६ साली प्रसिद्ध झाले. कोणतेही एक उगमस्थान सर्वत्र श्रेष्ठ नसते, हाच त्यांचा धडा होय. भारताच्या आर्द्र पश्चिम किनाऱ्यावरील बीज दमट प्रदेशांत जोमाने वाढले, तर कोरड्या अंतर्भागातील बीज तेथे मागे पडले. आलापल्लीचे बीज कोकणात वा कोकणाचे बीज विदर्भात नेण्यापूर्वी हे ध्यानी ठेवावयास हवे.

साखर कारखान्यांमुळे सहकार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. वृक्ष-संशोधनात त्याचा अर्थ एवढाच, की निवडलेल्या वृक्षांची नोंदवही सामायिक असावी, मोजणीची पद्धत एक असावी आणि अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर चाचणीचा नकाशा हरवू नये. नकाशा गहाळ झाल्यावर उरते ते केवळ रान. कोणते झाड कोणाचे अपत्य, हे मग कोणीही सांगू शकत नाही. आज चाचणी लावणाऱ्या विद्यार्थ्याने आपली वही आपल्यानंतर येणाऱ्या तिसऱ्या संशोधकासाठी लिहावी.